जहाज अलंगला तुटते, दम सोलापुरात लागतो

अक्कलकोट रस्त्यालगतच्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर असलेल्या गृहस्थांनी मला लेखी प्रश्न पाठविला आहे. त्यांचा धाकटा भाऊ, वय 41, गुजरातेतील अलंगच्या जहाजतोडणी यार्डात 9 वर्षे होता, आधी हेल्पर आणि मग गॅस कटर म्हणून. चार वर्षांपूर्वी तो सोलापूरला परतला आणि सध्या एका भंगार ठेकेदाराकडे तेच कटिंगचे काम करतो. दीड वर्षापासून त्याला कोरडा खोकला आहे, जिना चढताना धाप लागते, आणि अधूनमधून पोटात मुरडा येतो. एका दवाखान्यात दमा असल्याचे सांगितले. दुसरीकडे थुंकीत काही सापडले नसतानाही क्षयाची सहा महिन्यांची औषधे झाली, तरी गुण नाही. आता ठेकेदाराने एका बंद साखर कारखान्याचा जुना बॉयलर कापण्याचे काम घेतले आहे आणि दिवाळीनंतर भावाला तिकडे जायचे आहे. हा आजार जहाजाच्या कामाचा असू शकतो का, कोणत्या तपासण्या कराव्यात, आणि घरात त्याची पत्नी व पाच वर्षांची मुलगी यांना धोका आहे का, असे त्यांनी विचारले आहे. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘तिकडे समुद्रात जे जाते त्याचे काय होते?’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. होय, हा आजार त्या कामाचा असू शकतो, आणि त्याची खोकल्याची तक्रार व पोटाची तक्रार या दोन वेगवेगळ्या गोष्टींतून आलेल्या असण्याची शक्यता मला अधिक वाटते. मी गेली तीस वर्षे औद्योगिक आरोग्याचे काम करते. सुरुवात एका गिरणीच्या दवाखान्यात झाली, पुढे साखर कारखाने, विडी कामगार आणि फाउंड्री यांच्या तपासण्या केल्या. सोलापुरात समुद्र नाही, बंदर नाही, त्यामुळे समोर बसलेल्या रुग्णाला ‘तुम्ही जहाजावर काम केले आहे का’ असे विचारण्याचे येथील डॉक्टरांच्या मनात येत नाही. रुग्णही ‘मजुरी करतो’ एवढेच सांगतो. हे दोन शब्द केसपेपरवर लिहिले जातात आणि आजाराचे मूळ तेथेच हरवते.

अलंग म्हणजे सह्याद्रीतला किल्ला नव्हे. भावनगर जिल्ह्यात खंभातच्या आखातावर हे गाव आहे आणि 1983 पासून तेथे जहाजे तोडली जातात. खंभातच्या आखातातील भरती-ओहोटीचा फरक देशात सर्वांत मोठ्यांपैकी आहे. उधाणाच्या वेळी पाणी दहा मीटरच्या आसपास चढते. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला जहाज स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर थेट किनाऱ्यावर चढवतात. पाणी ओसरले की ते चिखलात उभे राहते. मग नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, ते कापत जातात. मोठमोठे तुकडे खाली पडतात, विंचने ओढून वर आणतात आणि त्यांच्या प्लेटा करतात. या प्लेटा रीरोलिंग गिरण्यांत आणि भट्ट्यांत जातात. जनरेटर, पंप, पलंग, भांडी, दरवाजे असा जहाजावरचा सारा संसार रस्त्याकडेच्या दुकानांत विकला जातो. त्या दुकानांना तिकडे ‘खाडा’ म्हणतात. जहाजाच्या वजनाचा बहुतांश भाग पोलाद असतो आणि ते पुन्हा वापरात येते. खाणीतून नवे खनिज काढून पोलाद बनविण्यापेक्षा हे निश्चितच चांगले आहे, म्हणून हा उद्योग बंद करा असे मी कधीही म्हटलेले नाही. माझी तक्रार उरलेल्या थोड्या टक्क्यांविषयी आहे, कारण तुमच्या भावाच्या छातीत जे बसले असेल ते त्या थोड्या टक्क्यांतले आहे.

त्यात पहिला क्रमांक ॲस्बेस्टॉसचा, म्हणजे उष्णता रोखणाऱ्या एका तंतुमय खनिजाचा. जुन्या जहाजांत बॉयलर, इंजिनरूम, वाफेचे पाइप, केबिनच्या भिंतींतले पत्रे, गॅस्केट, दोऱ्या, फरश्या अशा असंख्य ठिकाणी तो असतो. आंतरराष्ट्रीय नियमांनी जहाजांवर नवा ॲस्बेस्टॉस बसविण्यास 2002 पासून काही अपवाद ठेवून आणि 2011 पासून पूर्णपणे बंदी घातली. परंतु जहाजाचे आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचे असते, म्हणजे बंदीपूर्वी बांधलेली जहाजे तोडणीला अजून कित्येक वर्षे येत राहणार आहेत. उष्णतारोधक आवरणाला कामगार ‘लॅगिंग’ म्हणतात. हे लॅगिंग कोरडेच ओढून काढले की पिठासारखी धूळ उडते. त्यातले घातक तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, नाकाला झोंबत नाहीत, शिंकही आणत नाहीत. तीन मायक्रॉनहून बारीक असे ते तंतू फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि शरीराला ना विरघळवता येतात, ना बाहेर टाकता येतात. त्यांच्याभोवती व्रणासारखी गाठाळ ऊती वाढत जाते, फुप्फुस आखडते आणि प्राणवायू रक्तात जाण्याची वाट अरुंद होते. हा ॲस्बेस्टॉसिस.

तुम्ही सूत हाताळता, म्हणून एक गोष्ट तुम्हाला लगेच पटेल. गॅस कटर तोंडाला आपल्याकडचाच पंचा बांधतात. पंचा उजेडासमोर धरून पाहा. ताणा-बाणा यांच्यामधली भोके डोळ्यांना दिसतात, आणि जी भोके डोळ्यांना दिसतात त्यांतून हे तंतू शेकड्यांनी सहज जातील. ओला पंचा असला तरी फार फरक पडत नाही. पंचा घामासाठी ठीक आहे, ॲस्बेस्टॉससाठी तो संरक्षण नाही. कामगारांना दिला जाणारा गूळही तसाच. गुळाने छातीतली धूळ धुऊन निघते हा समज मी गिरणीतही ऐकला आणि फाउंड्रीतही ऐकते. गूळ पोटात जातो, धूळ फुप्फुसात असते.

या आजारात काळाचे गणित समजून घ्यावे लागते. संपर्क सुरू झाल्यापासून त्रास दिसेपर्यंत दहा, वीस किंवा त्याहून अधिक वर्षे जातात. फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग तर साधारण वीस ते चाळीस वर्षांनी डोके वर काढतो. तोवर कामगार गावी परतलेला असतो, यार्डातल्या प्लॉटचा मालक बदललेला असतो आणि जहाजाचे नावही कोणाला आठवत नाही. तुमच्या भावाचा पहिला संपर्क तेरा वर्षांपूर्वीचा आहे. ॲस्बेस्टॉसिससाठी हा काळ अशक्य मुळीच नाही. मेसोथेलिओमासाठी अजून लवकर आहे. अलंगमधील परिस्थितीविषयी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तांत्रिक समितीचा 2006 चा अहवाल आहे. ॲस्बेस्टॉस हाताळणाऱ्या ज्या कामगारांची त्यासाठी तपासणी झाली, त्यांपैकी 16 टक्क्यांच्या क्ष-किरण चित्रांत ॲस्बेस्टॉसिसच्या सुरुवातीशी जुळणाऱ्या खुणा होत्या. त्याच अहवालात प्राणघातक अपघातांचे प्रमाण वर्षाला दर हजार कामगारांमागे 2 असे दिले होते, तर त्याच काळात खाणींमध्ये ते 0.34 होते. त्यानंतर तेथे बऱ्याच सुधारणा झाल्या आहेत, प्लॉटवर काँक्रीटची जमीन, क्रेन आणि ॲस्बेस्टॉस काढण्याच्या बंदिस्त खोल्या आल्या आहेत, आणि ते मान्य करायला हवे. पण तुमच्या भावाने कोणत्या प्लॉटवर, कोणत्या काळात, हातात काय घेऊन काम केले, हेच त्याच्या बाबतीत निर्णायक आहे.

तपासणीकडे वळते. सर्वांत आधी उघड्या पाठीवर, अगदी खालच्या भागात, स्टेथोस्कोप ठेवून सावकाश आणि खोल श्वास घ्यायला लावावा. दम्यात शिट्टीसारखा आवाज येतो, तो बहुधा श्वास सोडताना. ॲस्बेस्टॉसिसमध्ये श्वास आत घेताना, त्याच्या अखेरीस, बारीक कोरडा चरचर आवाज येतो. रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्याची चिकटपट्टी अगदी हळू उघडली की जसा आवाज होतो, तंतोतंत तसा. खोकला काढायला लावला तरी तो जात नाही. तुमच्या भावाच्या कागदांत ‘छाती: आवाज आहे’ एवढेच लिहिलेले असेल तर तो आवाज कोणता, कुठे आणि श्वासाच्या कोणत्या टप्प्यावर, हे पुन्हा पाहून घ्या. बोटांची टोके फुगीर आणि नखे घड्याळाच्या काचेसारखी बाकदार झाली आहेत का, तेही पाहावे.

त्यानंतर छातीचा चांगल्या प्रतीचा एक्स-रे. क्षयाच्या खुणा बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतात, ॲस्बेस्टॉसिसच्या रेषा खालच्या भागात. शंका राहिली तर एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचे बारीक छेद दाखवणारा सीटी स्कॅन, करावा, आणि तो पालथे झोपवून घेतलेला असावा, कारण उताणे झोपल्यावर खाली दबल्यामुळे नेमका तोच भाग धूसर दिसतो. स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजणे) आणि शक्य असल्यास डीएलसीओ (फुप्फुसातून वायू रक्तात किती सहज जातो ते मोजणे) ही तपासणी करावी. त्यातून फुप्फुस आखडले आहे की नळ्या आकसल्या आहेत, हा फरक कळतो आणि दमा आहे की नाही याचाही उलगडा होतो. क्षय पूर्णपणे बाजूला ठेवू नका. नऊ वर्षे एका खोलीत आठ-दहा माणसे राहिली असतील तर क्षयही असू शकतो. म्हणून थुंकीची सीबीनॅट, म्हणजे क्षयजंतूची जनुके शोधणारी, तपासणी करा. शासकीय रुग्णालयात ती मोफत होते. केवळ अंदाजाने आणखी एक क्षयाचा कोर्स मात्र सुरू करू देऊ नका.

तो विडी किंवा सिगारेट ओढत असेल तर आज बंद करायला सांगा. ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान या दोन्हींचा मिळून होणारा कर्करोगाचा धोका बेरजेने वाढत नाही, जवळपास गुणाकाराने वाढतो. झालेले व्रण भरून काढणारे औषध नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण पुढचा संपर्क थांबविणे, धूम्रपान सोडणे, न्यूमोनिया व फ्लूच्या लसी, श्वासाचे व्यायाम आणि दर वर्षी फुप्फुसाची मोजणी यांनी आयुष्यात खूप फरक पडतो, आणि तो मी डोळ्यांनी पाहिला आहे.

आता पोटातल्या मुरड्याविषयी. येथे मला शिशाचा संशय आहे. गंजू नये म्हणून पोलादावर लावायच्या लाल प्रायमरमध्ये पूर्वी ‘रेड लेड’ असे. हे दुसरेतिसरे काही नसून आपल्याकडे मारुतीला फासतात तो पारंपरिक शेंदूर, म्हणजे शिशाचे ऑक्साइड. जहाजाच्या प्लेटेवर अशा रंगाचे एकावर एक अनेक थर असतात. त्यावर प्राणवायू आणि एलपीजीची ज्योत पडली की पोलाद वितळण्याच्या कितीतरी आधी रंगातल्या शिशाचा धूर होतो. कटर नेमका त्या धुरावर वाकलेला असतो. शिसे फुप्फुसातून थेट रक्तात जाते आणि तेथून हाडांत साठते. रक्तातले शिसे महिना-दीड महिन्यात निम्मे होते, हाडातले मात्र दशकानुदशके राहते आणि थोडे थोडे परत रक्तात उतरते.

काही वर्षांपूर्वी भंगाराच्या आवारात काम करणारा एक तरुण माझ्याकडे आला होता. पोटदुखीसाठी त्याच्या तीन सोनोग्राफी झाल्या होत्या आणि अपेंडिक्स काढण्याची तारीखही ठरली होती. त्याचा खालचा ओठ बाजूला केला तर हिरडीच्या कडेला, दातांना लागून, पेन्सिलीने ओढावी तशी निळसर-काळी रेघ होती. हिमोग्लोबिन कमी होते, बद्धकोष्ठ होता, आणि हाताचे मनगट वर उचलताना तो किंचित चुकत होता. रक्तातले शिसे तपासले आणि शस्त्रक्रिया रद्द झाली. ही रेघ प्रत्येकात दिसत नाही, त्यामुळे ती नाही म्हणून शिसे नाही असे समजू नये. पण ती पाहायला अर्धा मिनिट लागतो आणि पैसे लागत नाहीत.

तेव्हा भावाची ‘ब्लड लेड’ ही तपासणी करा. रक्त शिशाच्या तपासणीसाठीच असलेल्या नळीत घ्यायला सांगा, आणि हाताची कातडी साबणाने नीट धुतल्यावरच सुई टोचावी, नाहीतर कातडीवरचेच शिसे मोजले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दर डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आढळले तर त्याचे मूळ शोधून संपर्क थांबवायला हवा. सोबत हिमोग्लोबिन, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि रक्तदाब पाहावा. शिसे बाहेर काढणारी औषधे आहेत, परंतु ती केव्हा द्यायची हे पातळी आणि लक्षणे पाहून डॉक्टरने ठरवायचे असते, आणि संपर्क चालू असताना ती देणे चुकीचे आहे. बाजारातली ‘शरीरशुद्धी’ची भस्मे कृपया देऊ नका, अशा काही भस्मांतच शिसे आणि पारा सापडलेला आहे.

एक गोष्ट त्याला आवर्जून विचारा. कापणीच्या दिवशी संध्याकाळी थंडी वाजून ताप यायचा का, तोंडाला गोडसर धातूसारखी चव यायची का, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपोआप बरे वाटायचे का? जस्ताचा मुलामा असलेला पत्रा कापला की हा ताप येतो. रोज काम असेल तर शरीराला सवय होते, सुट्टीनंतर पहिल्या दिवशी तो पुन्हा जोर करतो, म्हणून त्याला सोमवारचा ताप म्हणतात. आपल्या गिरण्यांतही सोमवार असाच असे. ब्लो रूम आणि कार्डिंग या कापूस पिंजण्याच्या खात्यांतले कामगार सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीत छाती आवळल्याची तक्रार घेऊन माझ्या दवाखान्याच्या ओट्यावर बसत, आणि आठवडा सरता सरता बरे होत. तो बिसिनोसिस होता, कापसाच्या धुळीचा आजार. धूळ वेगळी आणि आजार वेगळा, पण त्या कामगारांकडून मी एक गोष्ट शिकले: दुखणे कोणत्या वारी वाढते आणि कोणत्या वारी उतरते, हा प्रश्न कोणत्याही यंत्राइतका उपयोगी आहे. तुमच्या भावाचा खोकला दहा दिवस काम नसताना कमी होतो का, हे लिहून ठेवा.

घरच्यांविषयी तुमची काळजी रास्त आहे. धूळ कपड्यांवर, केसांत, चपलांत बसून घरी येते. ॲस्बेस्टॉस कामगारांचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांना, ज्यांनी कधी कारखान्यात पाऊल ठेवले नाही त्यांना, मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. अलंगच्या काळात पत्नी येथेच सोलापूरला होती आणि तो वर्षातून दोनदा येत होता, असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा तिचा त्या वेळचा संपर्क थोडाच असावा. मला अधिक चिंता आताची आहे, कारण तो भंगाराच्या आवारातून रोज घरी येतो आणि घरात पाच वर्षांचे मूल आहे. मूल जमिनीवर खेळते, हात तोंडात घालते, आणि शिसे मोठ्यांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात शोषून घेते. त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. मुलीचेही रक्तातले शिसे तपासा. कामाचे कपडे आवारातच बदलावेत, हातपाय आणि चेहरा धुऊनच घरी यावे, चपला दाराबाहेर राहाव्यात, आणि ते कपडे न झटकता, आधी भिजवून, वेगळे धुवावेत. फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. मुलीच्या जेवणात लोह आणि कॅल्शियम पुरेसे असेल तर शिसे कमी शोषले जाते. दूध, नाचणी, पालेभाज्या आणि डाळी नियमित असू द्या.

बॉयलरच्या कामाबद्दल माझे मत ठाम आहे. या स्थितीत त्याने तिकडे जाऊ नये. हा केवळ त्याच्या छातीचा प्रश्न नाही. जुन्या साखर कारखान्यांचे बॉयलर आणि वाफेचे पाइप ज्या लॅगिंगने गुंडाळलेले असत, त्यात ‘85 टक्के मॅग्नेशिया’ नावाचा एक प्रकार फार प्रचलित होता. उरलेले सुमारे 15 टक्के काय होते, हे कोणी विचारत नाही. ते ॲस्बेस्टॉस होते. समुद्रकिनारी जहाजाच्या इंजिनरूममध्ये त्याने जे ओढून काढले, तेच सोलापूर जिल्ह्यातल्या उसाच्या रानात त्याची वाट पाहत असण्याची दाट शक्यता आहे. फरक इतकाच की अलंगला आज निदान त्यासाठी नियम, निरीक्षक आणि गुजरात मेरिटाइम बोर्डाने उभारलेली घातक कचरा पुरण्याची जागा आहे; येथे ठेकेदार ते पोत्यांत भरून बांधाला टाकील.

त्याच्या जागी जे इतर जातील त्यांच्यासाठीही ठेकेदाराशी बोला. कापण्यापूर्वी लॅगिंगचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. तो घेणाऱ्याने ती जागा साबणाच्या पाण्याने ओली करावी आणि नमुना दुहेरी पिशवीत बंद करावा. ॲस्बेस्टॉस निघाला तर तो प्रशिक्षित माणसांनी, ओला करून, जागा बंदिस्त करून, योग्य फिल्टरचे मास्क घालून काढावा आणि अधिकृत घातक कचरा केंद्रातच पाठवावा. त्याआधी कापणीची गॅस टॉर्च पेटवू नये. रंग असलेल्या प्लेटेवर कापण्याच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना किमान 4 इंच रंग आधी काढून टाकावा. तोही कोरडा घासून नव्हे, कारण मग धुराच्या जागी धूळ येते.

आणि बंद टाक्यांत थेट उतरू नये. मळीच्या टाकीत उतरलेला एक आणि त्याला काढायला धावलेले दोन, अशी बातमी ऊसपट्ट्यात कोणी ऐकलेली नाही असे नाही. जहाजाच्या टाकीत हेच होते. पोलाद गंजताना बंद जागेतला प्राणवायू खाऊन टाकते. बाहेर हवेत तो 20.9 टक्के असतो, 19.5 च्या खाली गेला की माणसाने आत जाता कामा नये, आणि फार खाली गेला तर दोन श्वासांत शुद्ध जाते. तेलवाहू जहाजात त्यावर ज्वालाग्राही वाफेची भर पडते. पाकिस्तानात गडानी येथे 1 नोव्हेंबर 2016 रोजी एका तेलवाहू जहाजाचा असाच स्फोट झाला आणि पंचवीसहून अधिक कामगार मेले. मोजणी केल्याशिवाय, हवा खेळती केल्याशिवाय आणि बाहेर दोरी धरून माणूस उभा असल्याशिवाय आत जायचे नाही. ही गोष्ट ठेकेदाराच्या इच्छेवर सोडता येत नाही.

समुद्राविषयीच्या तुमच्या ओळीकडे येते. मी 2008 मध्ये प्रशिक्षणाच्या निमित्ताने अलंगला गेले होते. ओहोटीच्या वेळी जहाजाच्या पोटाखालचा चिखल उघडा पडलेला होता, त्यावर रंगाचे पापुद्रे, काचलोकरीचे तुकडे आणि इंद्रधनुष्यासारखा चमकणारा तेलाचा तवंग होता. साडेचार-पाच तासांनी मी पुन्हा तेथे आले तेव्हा पाणी वर आले होते आणि किनारा धुतल्यासारखा स्वच्छ दिसत होता. त्या स्वच्छतेने मला जास्त अस्वस्थ केले. घाण नाहीशी झालेली नव्हती. भरतीने ती आखातात नेली होती, आणि असे दिवसातून दोनदा होते. रंगाच्या पापुद्र्यांत शिसे आणि क्रोमियम असते. जहाजाच्या तळाला शंखशिंपले चिकटू नयेत म्हणून पूर्वी ट्रायब्युटिल टिन नावाचे विष लावत. ते इतके तीव्र आहे की त्याच्या अत्यल्प मात्रेने मादी गोगलगाईंवर नराची इंद्रिये वाढतात आणि त्यांची वीण थांबते. त्यावरची जागतिक बंदी 2008 मध्ये अंमलात आली, पण ते रंग थरांखाली दबून येतच राहिले. जुन्या विजेच्या तारांत आणि यंत्रांत पीसीबी नावाचे विषारी रसायन असते. ते वर्षानुवर्षे विघटित होत नाही आणि मासळीच्या चरबीत साठते. तांब्यासाठी तारा जाळल्या की डायॉक्झिन हे विष तयार होते. हे शेवटचे काम आपल्या शहराच्या कडेलाही रात्री चालते, आणि त्या धुराचा वास ज्यांच्या घरात येतो त्यांना तो भंगाराचा आहे हे माहीत असते, विषाचा आहे हे माहीत नसते.

कायदा कोठे आहे, तेही थोडक्यात सांगते. सर्वोच्च न्यायालयाने 14 ऑक्टोबर 2003 रोजी जहाज तोडणीला येण्यापूर्वी मालकाने त्यातील घातक पदार्थ काढावेत, असे निर्देश दिले. फ्रान्सची क्लेमेन्सो ही विमानवाहू नौका ॲस्बेस्टॉसच्या वादामुळे फेब्रुवारी 2006 मध्ये अलंगच्या वाटेवरून परत बोलावली गेली आणि अखेर इंग्लंडमध्ये तुटली. भारताने 2019 मध्ये जहाज पुनर्चक्रण कायदा केला. त्यानुसार जहाजावरच्या घातक साहित्याची यादी आणि यार्डाला परवाना आवश्यक आहे. जहाजतोडणीविषयीचा आंतरराष्ट्रीय हाँगकाँग करार 2009 मध्ये झाला आणि 26 जून 2025 पासून जगभर लागू झाला. तो किनाऱ्यावर जहाज चढविण्याच्या पद्धतीवर बंदी घालत नाही, ही त्यातली मोठी उणीव आहे. कामगाराच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो 27 जानेवारी 1995 चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय. कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे त्यात म्हटले, आणि ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून 40 वर्षे किंवा काम सुटल्यावर 15 वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत, जपण्याचा आदेश दिला. न्यायालयाला काळाचे ते गणित समजले होते.

नुकसानभरपाईसाठी शिशाची विषबाधा आणि ॲस्बेस्टॉसिस हे दोन्ही 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेले होते. आपल्या गिरण्यांचा बिसिनोसिस आणि उसाच्या चिपाडाच्या धुळीचा बगॅसोसिसही त्याच यादीत होते. नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. यादीची रीत तिच्यातही तशीच ठेवली आहे. मात्र आजार सिद्ध झाला तरी ‘तो आमच्याकडे कामालाच नव्हता’ असे उत्तर येते, आणि मुकादमामार्फत रोजाने गेलेल्या माणसापाशी त्याविरुद्ध दाखवायला काहीच नसते. दाव्याला मुदत असते, म्हणून निदान होताच कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला भेटा.

तुम्ही मात्र एक काम आजच सुरू करा. शंभर पानी वही घ्या आणि भावाला समोर बसवून सर्व लिहून काढा: कोणत्या सालच्या कोणत्या महिन्यात गेला, कोणत्या मुकादमाने नेले, प्लॉटचा क्रमांक, आठवतील त्या जहाजांची नावे, ते तेलवाहू होते की मालवाहू की प्रवासी, हातात टॉर्च होती की लॅगिंग काढण्याचे काम होते, मास्क मिळाला तो कापडी की फिल्टरचा, सोबत कोण होते आणि त्यांपैकी कोण आजारी आहे. गेट पास, ओळखपत्र, पीएफचा किंवा ईएसआयचा क्रमांक, मजुरी जमा झालेले बँकेचे पासबुक, अलंगच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या, मोबाइलमधले जुने फोटो, यांतले जे सापडेल ते वहीला जोडा. जहाजाचे नाव आठवत नसेल तर फोटोत मागे दिसणाऱ्या नाळेवरची अक्षरे पाहा. एका रुग्णाचे जहाज आम्ही असेच शोधले होते. ही वही डॉक्टरला निदानासाठी लागेल आणि वकिलाला दाव्यासाठी.

तपासणीला येताना ती वही, दोन्ही दवाखान्यांचे कागद आणि सर्व जुने एक्स-रे आणा. रिपोर्ट नव्हे, फिल्म आणा. सर्वांत जुनी फिल्म सापडली तर फार बरे, कारण चार वर्षांपूर्वीची सावली आणि आजची सावली शेजारी ठेवल्यावरच ती वाढते आहे का हे कळते. त्याला येताना कामाच्या कपड्यांत येऊ देऊ नका, आणि मुलीला सोबत आणा.